लेकीचं घर किती तासांवर?



परवाच्या टपालात कराडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. त्यांची थोरली लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. एप्रिलात तिचं पहिलं बाळंतपण आहे आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात या बाई एकट्याच निघणार आहेत. मला वाटलं, डिंकाच्या लाडवांची किंवा बाळंतविड्याची चौकशी असेल. पण विचारलंय ते वेगळंच. त्या लिहितात, "ताई, जावईबापू म्हणतात, सोळा तासांचा तर प्रवास. शेजारच्या काकू जाऊन आल्यात, त्या म्हणतात, चांगले दोन दिवस मोडतात. आणि तिकिटावर पाहावं तर मंगळवारी रात्री दोनला निघून मंगळवारीच सकाळी साडेआठला पोचतं, म्हणजे साडेसहाच तास! खरं कुणाचं धरू? लेक माझ्यापासून नेमकी लांब आहे तरी किती?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिघांचंही खरं आहे! जावईबापूंचं, काकूंचं आणि तिकिटाचंही. कसं ते आज आपण नीट पाहू.

पण तो शेवटचा प्रश्न वाचून मी जरा वेळ पत्र हातात धरून तशीच बसले. कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा दिलं आहे आणि ते आमच्या घराला महागात पडलं आहे. ते पुढे सांगतेच. आधी हिशेब समजून घेऊ.

अंतर : दोऱ्याने मोजा

घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या आणि शिवणाचा साधा दोरा घ्या. लोकर नको, ती ताणली जाते. पोटावरच्या मोठ्या रेघेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, दोरा एकदा गुंडाळून तोडा. हा दोरा म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. आता दुसरा दोरा मुंबईवर बोटाने दाबून धरा आणि न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणा. हा तुकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भरेल. हेच मुंबई ते न्यूयॉर्कचं हवाई अंतर, सुमारे १२,५०० किलोमीटर. न्यू जर्सीतला नेवार्कचा विमानतळ न्यूयॉर्कला अगदी लागून आहे, म्हणून तिथलं अंतरही तेवढंच धरा.

दोरा ताणताना एक गंमत तुमच्या लक्षात येईल. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर अशी जाते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र तिकडे जातच नाही. तो मुंबईहून वर उत्तरेकडे निघतो आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा वळसा घेऊन कॅनडावरून खाली उतरतो. वाटेत तो उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी जवळ जाऊन येतो.

हा वळसा कशासाठी? तर तो मुळी वळसाच नाही. लाल भोपळा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या फाका पोटाशी रुंद असतात आणि देठाशी निमुळत्या होतात. दहा फाका ओलांडायच्या असतील तर मुंगीला पोटावरून लांब जावं लागेल, देठाजवळून चटकन जाता येईल. पृथ्वीचं तसंच आहे. नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर १४,००० किलोमीटरच्या वर चाल पडते. उत्तरेकडून गेलं तर दीड हजार किलोमीटर वाचतात. तेव्हा खिडकीच्या पडद्यावर विमान बर्फाच्या मुलखावर दिसलं तर घाबरू नका, वाट चुकलेली नाही. थेट न जाता दुबईला विमान बदललं तरी अंतर फार वाढत नाही, चार-पाचशे किलोमीटरच. वाढतो तो मधला ताटकळण्याचा वेळ.

तास : जाताना जास्त, येताना कमी

मोठं जेट विमान उंचावर गेलं की ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने चालतं. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं की चौदा तास येतात. मग सोळा कसे?

एक तर विमान जमिनीवर रांगेत थांबतं, चढायला आणि उतरायला वेळ घेतं. दुसरं म्हणजे ते नेहमीच दोऱ्याच्या रेघेवरून जाऊ शकत नाही. कुठे युद्ध असतं, कुठला देश आपलं आकाश बंद करतो. २०२२ साली युक्रेनवर युद्ध लादल्यावर रशियाने युरोप-अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशातून जायची बंदी केली. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपली विमानं लांबच्या वाटेने गेली आणि काहींना मध्ये उतरून इंधन घ्यावं लागलं. म्हणून पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मैत्रिणीचे तास तुमच्या उपयोगाचे नाहीत. आपल्या तिकिटावरचेच पाहायचे.

तिसरं कारण वाऱ्याचं. विमानं ज्या उंचीवरून जातात, साधारण दहा-बारा किलोमीटर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जबर झोत वाहत असतो. थंडीत तर तो जास्तच जोर धरतो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीशी लागतो. नदीत होडी प्रवाहाविरुद्ध वल्हवायची आणि प्रवाहाबरोबर सोडायची, तसाच हा फरक. म्हणून जायला साडेपंधरा-सोळा तास लागत असतील तर यायला चौदा-साडेचौदा पुरतात.

आमच्या भिशीत एकीने यावर शंका काढली. "पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग आपण पश्चिमेला निघालो तर अमेरिकाच आपल्याकडे येईल की! जाताना कमी वेळ लागायला हवा." शंका हुशारीची आहे. पण महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात आपण या टोकाहून त्या टोकाला चालत गेलो तर गाडीच्या वेगाचा आपल्या चालण्याला फायदा होतो का तोटा? काहीच नाही, कारण आपणही गाडीबरोबरच धावत असतो. तसंच पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. फरक पडतो तो वाऱ्याचा.

घड्याळ : साडेसहा तासांचं कोडं

आता तिकिटाकडे वळू. तिकिटावर सुटायची वेळ असते ती सुटायच्या गावची आणि पोचायची वेळ असते ती पोचायच्या गावची. रात्री दोनला मुंबईहून विमान सुटलं आणि सोळा तास उडालं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजले. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ झालेले असतात. मधले साडेनऊ तास घड्याळाने गिळले. परतताना तेच घड्याळ व्याजासकट वसूल करतं. तिथून दुपारच्या आधी निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी उतरता. घड्याळाने पूर्ण दिवस गेलेला असतो, पण अंगाला झालेला प्रवास चौदा-साडेचौदा तासांचाच.

फोन करतानाही हा हिशेब लागतो. त्यासाठी एक युक्ती सांगते, पाठच करून ठेवा. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. त्यांच्या उन्हाळी घड्याळात आपल्या वेळेत अडीच तास मिळवायचे आणि रात्रीचा दिवस, दिवसाची रात्र करायची. आपले रात्रीचे नऊ, अधिक अडीच, साडेअकरा. रात्रीऐवजी सकाळ. झालं! हिवाळी घड्याळात अडीचऐवजी दीड तास मिळवायचा, म्हणजे आपल्या रात्री नऊला तिकडे सकाळचे साडेदहा. हे न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडचं झालं. लेक कॅलिफोर्नियात असेल तर त्याहून आणखी तीन तास मागे जा.

आणि तिकिटाची आणखी एक खोच ध्यानात धरा. "मंगळवारी रात्री दोन" म्हणजे सोमवारी जेवणं झाल्यावरची रात्र. मंगळवारी रात्री जेवूनखाऊन विमानतळावर पोचलात तर तुमचं विमान कधीच जाऊन आलेलं असेल. भल्याभल्यांची इथे फसगत झाली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची ती सोमवारच्या चौकटीत.

अठ्ठावन्न दिवस ते सोळा तास

हे सगळं लिहिताना आनंदीबाई जोशींची आठवण होतेच. अठरा वर्षांची ही मुलगी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाली. नवरा बरोबर नाही, माहेरचं कुणी नाही. लंडनमार्गे ती ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. म्हणजे अठ्ठावन्न दिवस! तिथे तिला उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या. डॉक्टर होऊन ती १८८६ साली परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. त्या काळी लेक सातासमुद्रापार गेली म्हणजे घरच्यांना धरून चालावं लागे की आता गाठ पडेल तेव्हा पडेल.

पुढे विमानं आली. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनीव्हा करत लंडनला पोचलं. मे १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. आता तर न थांबता सोळा तासांत जाता येतं. अंतर तसूभरही कमी झालेलं नाही, तास कमी झाले. आणि फोनच्या पडद्यावर लेक रोज समोर दिसायला लागल्यावर तर ती पुण्याला राहते की परदेशात, हेही आपण विसरलो. फोनवरून तिला हाक ऐकू जाते, पण तिला यायचं असतं ते बारा हजार किलोमीटर तुडवूनच. इथेच आपला हिशेब चुकतो.

दार ते दार

जावईबापूंचे सोळा तास म्हणजे निव्वळ विमानातले. कराडच्या घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पाऊल टाकेपर्यंत किती?

कराडहून मुंबईचा विमानतळ गाडीने सहा-सात तास, घाटात आणि मुंबईच्या तोंडाशी गर्दी लागली तर आठ. विमानतळावर चार तास आधी पोचायचं. विमानात सोळा. उतरल्यावर पासपोर्टाची रांग आणि सामान यात दोन. विमानतळ ते लेकीचं घर एक. करा बेरीज, एकतीस तास! सोमवारी दुपारी दोनला निघालात तर तिकडच्या मंगळवारी सकाळी साडेअकराला पोचाल. तेव्हा कराडला रात्रीचे नऊ वाजलेले असतील आणि तुमचं अंग म्हणत असेल, आता अंथरूण घाला. पण तिथे तर अख्खा दिवस समोर उभा! काकूंचे दोन दिवस ते हेच. मध्ये विमान बदलायचं असेल तर आणखी चार-सहा तास धरा.

माझा चुकलेला हिशेब

आता ते सांगते.

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, सांगलीतच राहायचे. त्यांची एकुलती एक लेक, आमची पुतणी, न्यू जर्सीला. एका जानेवारीत शनिवारी संध्याकाळी भाऊजींच्या छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवू. जाऊबाईंनी मला विचारलं, "पोरीला कळवू का गं?" आणि मी, चार बुकं वाचलेली, लोकांना सल्ले देणारी, शहाणपणाने म्हणाले, "वहिनी, कशाला उगीच तिच्या जिवाला घोर? तिची नोकरी, तिची लहान मुलं. भाऊजी बोलताहेत, जेवताहेत. आणि वेळ पडलीच तर काय, पंधरा तासांत येईल ती."

रविवारी तिचा नेहमीसारखा फोन आला. बाबा कुठे म्हणून तिने विचारलं. आम्ही सांगितलं, झोपलेत.

सोमवारी दुपारनंतर भाऊजींची तब्येत बिघडली. रात्री दहाला आम्ही तिला फोन केला. तिकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्या दिवशीच्या विमानांत जागा नव्हती. मिळालं ते मंगळवारी तिकडच्या सकाळी साडेअकराचं. फोनला चोवीस तास उलटले तेव्हा कुठे तिचं विमान हललं! साडेचौदा तास ती आकाशात होती. बुधवारी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरली, बाहेर पडेपर्यंत दोन वाजले आणि तिथून सांगलीला नऊ तास. रात्री अकराला ती दारात आली.

भाऊजी दुपारी चारला गेले होते.

मी सांगितलेले पंधरा तास प्रत्यक्षात एकोणपन्नास भरले. बुधवारी पहाटे भाऊजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुठवर आली?" मी फोनवरच्या नकाशात पाहून सांगितलं, "युरोपच्या वर आहे, भाऊजी." त्यांनी मान हलवली. दोन तासांनी पुन्हा तेच विचारलं. शनिवारी रात्री कळवलं असतं तर सोमवारी रात्रीपर्यंत ती त्यांच्या उशाशी असती आणि दीड दिवस बापलेकींना मिळाला असता. ते तेव्हा बोलत होते.

जाऊबाईंनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. पुतणीनेही आरडाओरडा केला नाही. दहाव्यानंतर एकदा, ओट्याशी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "काकू, मला शनिवारीच सांगायला हवं होतं. यायचं की थांबायचं, ते माझं मी ठरवलं असतं."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिला काळजी नको म्हणून आम्ही लपवलं, असं म्हणायला सोपं आहे. पण खरं पाहता निवडीचा हक्क तिचा होता आणि तो मी माझ्या हाताने काढून घेतला. तोही एका अर्धवट हिशेबाच्या भरवशावर.

एवढं मात्र आजच करा

म्हणून कराडच्या भगिनींना आणि परदेशात लेक-लेकरं असलेल्या सगळ्याच मैत्रिणींना माझं सांगणं आहे.

दार ते दार तासांचा एक कागद करा. आपण तिकडे जाण्याचे तास एका बाजूला, त्यांनी इकडे येण्याचे दुसऱ्या बाजूला. येण्याच्या बाजूला तिकीट मिळण्याचा एक दिवस मुद्दाम धरा. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दुखणं आलं की विमानाचे तास आठवायचे नाहीत, हा कागद पाहायचा.

कळवायचं कधी, हे आत्ताच, सगळे हसतखेळत असताना ठरवून टाका. आमच्या घरी आता नियम आहे : कुणाला दवाखान्यात एक रात्र जरी ठेवलं तरी त्याच रात्री कळवायचं. घाबरवायचं नाही, रडायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले तेवढं सांगायचं. यायचं की नाही ते तिने ठरवावं.

कागदपत्रं तयार ठेवा. आपला पासपोर्ट मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा करून घेता येतो, तसा करून घ्या. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनेच्या महिने लागतात, तेव्हा निकड नसतानाच तो काढून ठेवावा. लेकीलाही विचारा, "तुझे कागद बरोबर आहेत ना?" नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टातला शिक्का संपलेला असला तर भारतात आल्यावर परत जाण्याआधी तो नवा घ्यावा लागतो, म्हणून पुष्कळ मुलं यायला कचरतात. तिथे जन्मलेल्या नातवंडांचे वेगळे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. हे सगळं आधी झालेलं असलं म्हणजे अडचणीच्या वेळी तीन-चार दिवस वाचतात.

प्रवासाच्या सोळा तासांविषयी थोडं. औषधं सगळी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या बॅगेत इन्शुलिन मुळीच घालू नका, तिथल्या गारठ्याने ते खराब होऊ शकतं. साखरेची, रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची हे दिवस-रात्र उलटीपालटी झाल्याने कळेनासं होतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून तासांप्रमाणे लिहून घ्या आणि मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर राहू द्या. पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्याने ते सुजतात, क्वचित पायात रक्ताची गुठळीही होते. म्हणून दर तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या घाला, बसल्या जागी घोटे फिरवा. पूर्वी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी घोट घोट पीत राहा. परकराची नाडी करकचून बांधू नका. सैल पंजाबी ड्रेस असेल तर उत्तमच! चालायला त्रास होत असेल तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि रांगेतही मदत होते.

पोचल्यावर पहिले चार-सहा दिवस रात्री दोनला टक्क जाग येईल, दुपारी पेंग येईल. घाबरू नका. सकाळी उन्हात थोडं फिरून या, दुपारची झोप तासाभरात आवरा. अंग हळूहळू तिथल्या घड्याळाला सरावतं. परत आल्यावर हा त्रास बहुतेकांना जास्त दिवस होतो, तेव्हा आल्या आल्या घरात मंगळागौर किंवा सत्यनारायण काढू नका. म्हणूनच लेकीच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी तिथे पोचावं, म्हणजे बाळ येईपर्यंत आपण तरी जाग्यावर असतो.

तर कराडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : तुमची लेक साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. विमानाने सोळा तासांवर, तुमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत एकतीस तासांवर. आणि अचानक तिला यायचं झालं तर धरून चाला, दोन पूर्ण दिवसांवर. यातला शेवटचा आकडा आपल्या यजमानांना आणि मुलालाही सांगून ठेवा. तुम्ही तिकडे असताना इकडे काही झालं तर तो त्यांनाही माहीत हवा. तुम्हालाही तेवढेच तास लागणार आहेत!

लेकीचं सुखरूप होवो. तिकडून दोन ओळी जरूर लिहा.

पुढच्या आठवड्यात : एवढ्या लांबच्या प्रवासाच्या बॅगा कशा भराव्यात आणि त्यात काय मुळीच घालू नये.